चित्रं बघायला गेल्यावर नक्की काय करायचं असतं?

पायपीट (धागाकर्ता)

प्रश्न बावळट आहे, आधीच कबूल करतो.

कुठल्याही नव्या शहरात गेलो की माझे पाय कलासंग्रहालयाकडे वळतात. कोणाची जबरदस्ती नसते, मलाच जावंसं वाटतं. चित्रकलेतलं मला काही कळत नाही. शाळेत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि चारच्या आकड्याचे पक्षी यापुढे माझी मजल गेली नाही. तरी जातो.

गेल्या महिन्यात असेच एका मोठ्या संग्रहालयात साडेतीन तास घालवले. पहिल्या दालनात एकूण एक पाटी वाचली. दुसऱ्यात पाट्या सोडल्या, पण प्रत्येक चित्रापुढे थांबलो. पाचव्या-सहाव्या दालनापासून नुसती मान डावी-उजवीकडे वळवत चालत राहिलो, फलाटावर पाहुण्यांचा डबा शोधत जातो तसा. शेवटची सात-आठ दालनं मी पाहिली, हे मोबाइलमधल्या फोटोंवरूनच कळतं. फोटो २१४. घरी आल्यावर बहिणीने विचारलं, "काय आवडलं?" मी बराच विचार करून म्हणालो, "जिना छान होता."

खोटं नाही, जिना खरंच छान होता. पण तिच्या चेहऱ्यावरचे भाव बघून वाटलं की काहीतरी चुकतंय.

तर, ना अभ्यासक ना चित्रकार, अशा नुसत्या हौशी माणसाने तिथे जाऊन काय करावं? तुम्ही काय करता? स्वतः करून पाहिलेलंच सांगा, ऐकीव सल्ले नकोत.

---

आडवाटेचा

जिना! :))

पायांना दोष देऊ नका. या थकव्याला 'म्युझियम फटीग' असं रीतसर नाव आहे आणि तेही शंभर वर्षांपूर्वीचं. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ मध्ये त्यावर लेख लिहिला होता. त्यांनी एका माणसाला काचेच्या कपाटांतल्या वस्तू नीट बघायला सांगितल्या आणि बघताना त्याला कुठे वाकावं लागतं, कुठे उकिडवं बसावं लागतं, कुठे मान मोडावी लागते याचे फोटो काढले. बराचसा दोष बघणाऱ्याचा नाही, मांडणाऱ्याचा आहे, असा त्यांचा मुद्दा.

आता हिशोब. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सुमारे ३५,००० वस्तू मांडलेल्या असतात. प्रत्येकीला अर्धं मिनिट दिलं तरी न झोपता बारा दिवस लागतात. त्यामुळे 'सगळं बघून येऊ' हा विचार दारातच सोडायचा. मी नकाशा घेतो, तीन दालनं ठरवतो आणि बाकीची फक्त रस्ता म्हणून ओलांडतो. अक्षरशः मान खाली घालून.

रोमच्या बोर्गेझे गॅलरीत आधी वेळ ठरवून जावं लागतं आणि दोन तासच मिळतात. पहिल्यांदा चिडलो होतो. पण दोन तासांनी बाहेर काढणार म्हटल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा मुकाट्याने एका शिल्पाभोवती चार फेऱ्या मारल्या. बर्निनीचं 'अपोलो आणि डाफ्नी'. एका बाजूने बघितलं तर नुसती धावपळ दिसते. पुढे सरकत जाल तशी तिच्या बोटांना पानं फुटलेली दिसतात, पायाला साल चढलेली दिसते. समोर उभं राहून फोटो काढून निघालो असतो तर अर्धी गोष्ट हुकली असती.

---

कुंचलेवाली

मी चित्रकला थोडीफार शिकलेय, पण संग्रहालयात माझीही तुमच्यासारखीच गत व्हायची. आता काय करते ते सांगते.

दालनात शिरले की पहिली फेरी झपाट्याने. एकही पाटी वाचायची नाही. कुठल्या चित्राकडे मान आपोआप परत वळली, तेवढंच लक्षात ठेवायचं. दुसऱ्या फेरीत थेट त्याच्यापुढे जायचं. मग ते नावाजलेलं असो वा नसो.

आणि तीन जागांवरून बघायचं: लांबून, मधून आणि अगदी जवळून (जमिनीवरच्या रेघेच्या अलीकडून!). माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केसचं 'लास मेनिनास' आहे, १६५६ चं, तीन मीटरहून उंच. लांबून छोट्या राजकन्येच्या झग्यावरची कलाकुसर लखलखते. पुढे गेलात की कलाकुसर गायब. नुसते करडे-पांढरे फटकारे, घाईत ब्रश पुसल्यासारखे. मागे आलात की पुन्हा झगा. मी हे सात-आठ वेळा केलं, तेव्हा शेजारच्या बाईंनी "बरं वाटत नाहीये का?" म्हणून विचारलं.

हार्वर्डमधल्या कला-इतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकाच कलाकृतीपुढे तीन तास बसवतात. कोप्लीचं १७६५ चं एक चित्र आहे, पाळलेली उडती खार घेऊन बसलेल्या मुलाचं. मुलाचा कान आणि खारीच्या पोटाकडची केसांची झालर यांचा आकार एकच आहे, हे दिसायला त्यांना स्वतःला नऊ मिनिटं लागली, असं त्यांनी लिहिलंय.

---

साशंक

नऊ मिनिटं कान बघायचा!

माफ करा, पण उलटी बाजू कोणीतरी मांडायला हवी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात हे मोजलं होतं. २००१ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. सरासरी २७ सेकंद, मध्यक १७ (म्हणजे निम्मे लोक त्याहूनही कमी थांबले). त्यात पाटी वाचण्याचा वेळही आला. हे आकडे सांगून सगळे हळहळतात. मला १७ सेकंद भरपूर वाटतात. बऱ्याचशा चित्रांची लायकी तेवढीच असते. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी सरदाराच्या गुबगुबीत गालांसाठी मी नऊ मिनिटं का द्यावीत?

---

कुंचलेवाली

@साशंक, तिथे मोजलेली चित्रं नावाजलेलीच होती हो. पण सरदारांच्या गालांबद्दल अनुमोदन.

---

पायपीट (धागाकर्ता)

पाटी आधी वाचायची की नंतर, यावर कोणी बोलेल का? मी आधी वाचतो आणि मग चित्रात पाटीवर लिहिलेलंच शोधत बसतो. 'कुत्रा निष्ठेचं प्रतीक आहे' असं वाचलं की कुत्रा सापडेपर्यंत चैन पडत नाही आणि कुत्रा सापडला की चित्र संपलं.

---

बारीक_अक्षर

पाटी नंतरच. पण नंतर मात्र जरूर वाचा, आणि मोठा परिच्छेद सोडून बारीक अक्षरं वाचा. खरी गंमत तिथे असते.

नुसतं 'रेम्ब्रांट' असं लिहिलेलं असेल तर संग्रहालयाला खात्री आहे. 'रेम्ब्रांटचं मानलं जाणारं' असेल तर खात्री जरा पातळ. 'रेम्ब्रांटची कार्यशाळा' म्हणजे हाताखालच्या मंडळींनी त्याच्या देखरेखीत केलेलं. 'अनुयायी' किंवा 'शैलीतलं' म्हणजे लांबचं नातं. 'रेम्ब्रांटवरून' असेल तर सरळ नक्कल. एकेक शब्द तिथे भांडून-भांडून ठरवलेला असतो.

तळाशी एक आकडा असतो, १९८७.१२ अशासारखा. पुष्कळ ठिकाणी त्याचा पहिला भाग म्हणजे ती वस्तू संग्रहात आली ते वर्ष. शेजारी 'अमक्यांची देणगी' किंवा 'उसनं आणलेलं' असं असतं. चित्र १६५० चं आणि संग्रहालयात आलं १९८७ मध्ये, मग मधली तीनशे सदतीस वर्षं ते कोणाच्या भिंतीवर होतं? मला बऱ्याचदा चित्रापेक्षा हाच प्रश्न जास्त रंगतदार वाटतो.

अवांतर: बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात मी जे सगळ्यात जास्त वेळ बघितलं, त्यात चित्रच नव्हतं. १८ मार्च १९९० रोजी पोलिसांच्या वेशात आलेल्या दोघांनी तिथून १३ कलाकृती पळवल्या, त्यात व्हर्मीर आणि रेम्ब्रांटही होते. अजून एकही परत मिळालेली नाही. रिकाम्या चौकटी तिथेच टांगून ठेवल्यात. लोक त्यांच्यापुढे उभे राहतात. मीही राहिलो.

---

तिरपी_नजर

२१४ फोटोंबद्दल. फोटो काढा, पण चित्र फोटोत येत नाही हे धरून काढा. माप येत नाही, जाडी येत नाही आणि बहुधा रंगही येत नाही.

माप आधी. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटरची आहे. काचेमागे. समोर माणसांचं कुंपण आणि सगळ्यांचे हात वर. तिच्यापुढे धक्के खाण्यात अर्थ नाही. तिथेच मागे वळा. समोरच्या भिंतीवर वेरोनेसेचं 'काना गावातलं लग्न' आहे, १५६३ चं, जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच. लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र. तिकडे बहुतेकांची पाठ असते. पंगतीच्या मधोमध वाजंत्री बसलेत, वरच्या कठड्यामागे स्वयंपाकाची लगबग, शिवाय कुत्री. मी तिथे अर्धा तास काढला आणि एकही धक्का खाल्ला नाही.

आता जाडी. व्हॅन गॉगच्या चित्राला समोरून बघून झालं की भिंतीच्या कडेला जा आणि तिरपं बघा. रंगाचे अक्षरशः वाफे असतात, त्यांची सावली पडते. पोस्टकार्डात हे सपाट होऊन जातं.

आणि रंगाचं तर विचारूच नका. त्याच्या 'शयनगृह' चित्राच्या (१८८८) भिंती आज फिक्या निळ्या दिसतात. त्याने भावाला पत्रात त्या फिक्या जांभळ्या असल्याचं लिहिलंय. तांबडा रंग उजेडाने उडाला, निळा राहिला. म्हणजे आपण मूळ चित्र बघायला जातो आणि मूळ रंग तिथेही नसतो!

दालनात अंधार का, याचं उत्तरही हेच. कागद, जलरंग, कापड यांच्यावर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड ठेवतात, तैलचित्रांवर २०० च्या आसपास. कागदावरची कामं तर काही महिने दाखवून परत अंधारात विश्रांतीला पाठवतात. आत शिरल्यावर 'काही दिसत नाही' म्हणून लगेच बाहेर पडू नका. डोळ्यांना पाच मिनिटं द्या. लघुचित्रांच्या दालनात मी भिंगही नेतो. खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने दाढीतला एकेक केस काढलेला असतो, तो भिंगाशिवाय दिसत नाही.

सगळ्यात आवडती गोष्ट शेवटी. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये व्हर्मीरचं 'दूध ओतणारी' आहे. चित्र जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच. सगळे दुधाची धार बघतात. तुम्ही मागची भिंत बघा. रिकामी पांढरी भिंत. तिच्यावर एक खिळा आहे. खिळ्याला सावली आहे. जवळपास जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. कोणी सांगितलं होतं त्याला ती काढायला? ती भोकं दिसली आणि मला एकदम वाटलं, या घरात कोणीतरी खरंच राहत होतं.

---

मीच_तो

वाचनखूण साठवली. खिळा बघायला जाणार.

---

साशंक

खिळ्याबद्दल काही म्हणणं नाही, खिळा चांगला आहे. पण जुन्या चित्रांवर बोलणं सोपं. आधुनिक कलेच्या दालनात काय करायचं ते सांगा. तिथे मला फसवल्यासारखं वाटतं. काळा चौकोन. मुतारी. भिंतीला चिकटवलेलं केळं.

---

बारीक_अक्षर

मुतारीची पाटी वाचलीत का? मार्सेल ड्यूशाँ या फ्रेंच कलाकाराने ती १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला टोपणनावाने पाठवली. पैसे भरणाऱ्या कोणाचंही काम लावू, असा त्या प्रदर्शनाचा नियम होता. आयोजकांनी ती लावली नाही. म्हणजे तुमच्यासारखंच त्यांनाही वाटलं होतं. मूळ वस्तू नंतर हरवली. आज संग्रहालयांत दिसतात त्या बहुतेक १९६४ मध्ये त्याच्या संमतीने करवून घेतलेल्या प्रती. मूळ वस्तू बाजारातून आणलेली, आणि तिची नक्कल मात्र काळजीपूर्वक घडवलेली. यावर तुम्ही हसलात तर ड्यूशाँची हरकत नसावी.

---

कुंचलेवाली

काळा चौकोन मी फोटोत पाहिला तेव्हा मलाही राग आला होता. रशियन चित्रकार मालेविचचं ते चित्र १९१५ चं. प्रत्यक्षात तो काळा नाहीच. सगळीकडे तडे गेलेत, वाळलेल्या तळ्यासारखे, आणि तड्यांतून खालचे रंग डोकावतात. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीने क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा खाली आधीची रंगीत रचना सापडली. आणि पहिल्या प्रदर्शनात त्याने तो भिंतीवर सरळ टांगला नव्हता, छताजवळच्या कोपऱ्यात लावला होता. रशियन घरात धर्मचित्र लावतात त्या जागी. हे कळल्यावर राग गेला नाही, पण कशाचा राग येतोय ते नीट कळलं.

'आवडलं नाही' म्हणून पुढे जायला पूर्ण मुभा आहे. मी जाते. फक्त दालनात एकदा तरी असं करून बघा: सगळ्यात जास्त डोकं फिरवणाऱ्या कामापुढे थांबा आणि नक्की काय खटकतंय ते मनातल्या मनात एका वाक्यात सांगा. 'हे मीही केलं असतं' हे वाक्य चालणार नाही, ते सगळेच म्हणतात.

---

साशंक

केळं मीही चिकटवलं असतं.

---

आडवाटेचा

२०१९ मध्ये मायामीच्या कलाजत्रेत एका कलाकाराने ते केळं भिंतीवरून काढून सगळ्यांदेखत खाल्लं होतं. लगेच दुसरं लावलं. विकत घेणाऱ्याला प्रमाणपत्र आणि लावायच्या सूचना मिळतात, केळं ज्याचं त्याने बदलायचं. साशंकराव, तुम्हाला उशीर झालाय.

---

व्यवस्थापन

केळ्यावरचे पुढचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया मूळ विषयावर या.

---

दोन_पिल्लांची_आई

मुलांना घेऊन जाणारं कोणी नाही का इथे? माझी एक सात वर्षांची, एक दहाचा. पहिली भेट भयानक होती. "हात लावू नको" हे मी इतक्या वेळा म्हणाले की सुरक्षारक्षकाला माझी दया आली.

आता आधी संग्रहालयाच्या दुकानात जातो. प्रत्येकाने दोन पोस्टकार्डं निवडायची आणि ती चित्रं आत शोधून काढायची. शोधताना वाटेत जे दिसेल ते बोनस. पाऊण तास झाला की बाहेर, कितीही मजा येत असली तरी. रडत आत जाण्यापेक्षा रडत बाहेर पडलेलं बरं.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं होल्बाइनचं 'द ॲम्बॅसडर्स' (१५३३) मुलांसाठीच काढलंय की काय असं वाटतं. दोन भारदस्त माणसं, आणि त्यांच्या पायांशी जमिनीवर काहीतरी लांबुळकं, तिरकं, पुसट. समोरून काहीच कळत नाही. उजव्या बाजूला भिंतीलगत जाऊन बघितलं की ती होते कवटी. मुलगा तिथे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी माणसांना "इथून बघा, इथून बघा" म्हणत होता. एक सुटाबुटातले आजोबा त्याच्या शेजारी गुडघे वाकवून बघायला लागले. दोघांनाही तिथून हलवताना नाकी नऊ आले.

व्हिएन्नात ब्रॉयगलचं 'मुलांचे खेळ' आहे, १५६० चं. दोनशेच्या वर पोरं आणि ऐंशीच्या आसपास खेळ. त्यात सागरगोटे आहेत! आंधळी कोशिंबीर आहे, चाक पळवणं आहे. लेकीने एकोणतीस खेळ मोजले आणि मग बाकावर झोपली.

---

बाकावरचे_काका

बाकाचा विषय निघालाच आहे तर माझे दोन शब्द. वय बहात्तर. गुडघे नाहीत म्हटलं तरी चालेल. मी कुठलंही दालन बाकावरून निवडतो. बाक ज्या चित्रापुढे आहे ते माझं चित्र. खूप ठिकाणी मागितली तर घडीची खुर्चीही देतात, लोकांना ठाऊक नसतं.

आमच्या इथल्या संग्रहालयात एका चित्रापुढे मी दहाएक वर्षं बसतोय. नदीकाठ, नावा, संध्याकाळ. तपकिरी, उदास, मला आवडणारं. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला आणि महिन्याभराने तिथे जाऊन बसलो. संध्याकाळ नव्हतीच. लख्ख दुपार होती. नावांच्या शिडांमागे एवढं निळं आकाश होतं की मी उठून पाटी बघून आलो, चित्र बदललं की काय म्हणून. खरं सांगू? जरा वाईटही वाटलं. माझी संध्याकाळ गेली.

फ्रेंच चित्रकार मोनेलाही मोतीबिंदू होता, १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात त्याची कमळांची चित्रं आहेत. दोन लंबगोल दालनं, आठ रचना, भिंतीच्या वळणाबरोबर वळलेल्या. तो १९२६ च्या डिसेंबरात गेला आणि दालनं १९२७ मध्ये उघडली. मधोमध बाक आहेत आणि उजेड छतातून येतो. मी बसलो होतो तेव्हा बाहेर ढग आला असावा. चित्रातलं पाणी हळूहळू काळवंडलं आणि दोन-तीन मिनिटांनी परत उजळलं. खोलीतले सगळे एकदम गप्प झाले. मी त्या दिवशी दुसरं काहीही बघितलं नाही.

---

कुंचलेवाली

काका, दंडवत. चित्रांनाही मोतीबिंदू होतो हो. रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' (१६४२) रात्रीचं चित्र नाहीच, वॉर्निश काळवंडत गेलं आणि लोकांना रात्र वाटली. १७१५ मध्ये दुसऱ्या भिंतीवर बसेना म्हणून चारही बाजूंनी कापलं ते वेगळंच. २०१९ पासून त्याच्यावर काम सुरू झालं ते दालनातच, काचेच्या खोलीत, सगळ्यांसमोर. मी गेले तेव्हा माझ्यापुढचे निम्मे लोक चित्र सोडून काचेआड काम करणाऱ्या बाईंचा हात बघत होते. मीसुद्धा.

---

जुना_राखणदार

पहिल्यांदाच लिहितोय. एका संग्रहालयात दालनात उभं राहायची नोकरी काही वर्षं केली. नाव सांगत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: स्वच्छतागृह कुठे आहे. त्याखालोखाल: हे खरं आहे का? चित्राला धोका चोरांपेक्षा बोटांचा. पेन हातात धरून "ते बघ" म्हणणारे, पाठीवरची बॅग विसरून गर्रकन वळणारे. म्हणून बॅग पुढे घ्यायला सांगतात आणि स्केच करायचं तर पेन्सिलच चालते, शाई नाही. "एका बोटाने काय होतंय?" असं विचारणाऱ्यांना मी व्हॅटिकनमधल्या संत पीटरच्या पुतळ्याचा उजवा पाय सांगायचो. कांस्याचा आहे, आणि भाविकांच्या हातांनी बोटं झिजून सपाट झालीत.

माझ्या दालनात एका बाईचं व्यक्तिचित्र होतं. माझ्या हिशोबाने मी त्याच्यासमोर हजारेक तास उभा होतो. एकदा सहा-सात वर्षांची मुलगी येऊन म्हणाली, "काका, हिला सहा बोटं आहेत." मी म्हटलं नाही ग. तिने मोजून दाखवली. खरंच, करंगळीच्या पलीकडे एक फिकट, भुतासारखं बोट होतं. मी नंतर आमच्या संवर्धन विभागात विचारलं. चित्रकाराने हात आधी थोडा बाजूला काढला होता, मग त्यावर रंग चढवून सरकवला. तैलरंग शेकडो वर्षांनी पारदर्शक होत जातो आणि खालचं वर दिसायला लागतं. याला पेंटिमेंटो म्हणतात. त्यांना सगळ्यांना ते माहीत होतं. हजार तास बघणाऱ्या मला नव्हतं.

तेव्हा मिनिटं मोजणाऱ्यांचं मला फारसं काही वाटत नाही. नुसतं उभं राहून दिसत नाही.

---

साशंक

@जुना_राखणदार, या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. आणि माझ्या बाजूचा!

---

बाकावरचे_काका

तुमच्या बाजूचा कसा? ती मुलगी मोजायला थांबली होती.

---

पायपीट (धागाकर्ता)

धागा वर काढतोय. काल परत त्याच संग्रहालयात गेलो होतो. वृत्तांत देणं भाग आहे.

तीन दालनं ठरवली. पहिल्या दालनात झपाट्याने फेरी मारली, मान वळली ती एका स्थिरचित्राकडे. मोठ्या वहीएवढं असेल. चित्रकार अज्ञात (हे नंतर वाचलं, बारीक_अक्षर यांची शपथ). समोर बाक होता. घड्याळ लावलं, वीस मिनिटं.

पहिली तीन-चार मिनिटं नुसता छळ. टेबल आहे, पांढरा कपडा आहे, कथलाची थाळी, अर्धं सोललेलं लिंबू, सुरी, काचेचा पेला. संपलं. मनात ऑफिसची दोन उत्तरं लिहून झाली. मोबाइलकडे हात गेला, तो मांडीखाली दाबून बसलो.

मग दिसलं की थाळी टेबलाच्या काठावरून बाहेर आलीय. जरा धक्का लागला तर पडेल. ते दिसल्यावर मला तिच्याकडे शांतपणे बघवेना. मग पेला. त्यावर खिडकी आहे, नखाएवढी, चार तावदानांची. पेल्याच्या आतल्या पलीकडच्या बाजूला तीच खिडकी पुन्हा आहे, उलटी, आणखी पुसट. म्हणजे मी जिथे बसलोय त्याच्या डावीकडे कुठेतरी तेव्हा खिडकी होती. मी खरंच डावीकडे बघितलं. तिथे आग विझवायचं नळकांडं होतं.

आणि शेवटी कपडा. त्याच्यावर घडीच्या रेघा आहेत. उभ्या-आडव्या, चौकोनी. कपाटात घडी घालून ठेवलेला कपडा कोणीतरी नुकताच काढून अंथरलाय, इस्त्री न करता. माझी आई पाहुणे यायच्या आधी असाच अंथरायची आणि हाताने त्या रेघा दाबत बसायची. त्या काही जात नसत.

वीसची सव्वीस मिनिटं झाली. मधे दोन-तीन जण मी एवढं काय बघतोय म्हणून माझ्या मागे थांबले आणि गेले. दुसऱ्या दालनात फार काही लागलं नाही. तिसऱ्यात गेलोच नाही. फोटो एक, पाटीचा.

बहिणीला फोन करून कपड्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "आणि जिना?" जिना आहे तिथेच आहे.

---

तिरपी_नजर

घडीच्या रेघा! व्वा.

---

साशंक

वृत्तांत आवडला, मान्य. पण परीक्षा घेतो. सव्वीस मिनिटं बघितलंत ना? लिंबाची साल कुठल्या बाजूला लोंबत होती?

---

पायपीट (धागाकर्ता)

डावीकडे.

थांबा. सुरी उजवीकडे होती, तिची मूठ आपल्या बाजूला. साल थाळीच्या काठावरून खाली आली होती, आणि तिची सावली कपड्यावर... उजेड तर डावीकडून होता.

शनिवारी सांगतो.